पाया, वाढ

सभागृह खच्चून भरलं होतं. पंख्यांपेक्षा हात जास्त हलत होते. मंचावर एक खुर्ची, खुर्चीत सात वर्षांची मुलगी आणि तिच्यापुढे गुडघे टेकून बसलेले पायवाले भाऊ. भाऊंना आईबापांनी नाव ठेवलं होतं, पण कीर्ती पायांचीच. पाठ दुखो की डोकं, भाऊंना सगळ्याचं मूळ आखूड पायात सापडायचं. आणि आखूड पाय, प्रभूकृपेनं, भाऊंसमोर बसणाऱ्या प्रत्येकाला असायचाच.

“पाया, प्रभूच्या नावानं सांगतो, वाढ.”

पायानं मुकाट्यानं ऐकलं. पांढऱ्या बुटांच्या टाचा जुळल्या. हालेलुयानं छत दणाणलं.

मुलीची आई तिसऱ्या रांगेत सासूबाईंशेजारी बसून बघत होती. कपडे दुरुस्तीच्या दुकानात ती दिवसाला वीस पँटी आखूड करायची. गिऱ्हाइकाला बसवून माप घेतलं की पँट वाया जाते, हे तिला पहिल्याच आठवड्यात मालकाची बोलणी खाऊन कळलं होतं. भाऊ मात्र सगळ्यांना बसवूनच मापत होते. तेही स्वतःजवळच्या लहानमोठ्या जोडांतले पांढरे बूट घालायला देऊन.

डॉक्टरांनी दिलेला मुलीचा जाड तळव्याचा बूट भाऊंनी काढून मंचावरच्या टेबलावर ठेवला. तिथं आधीच काठ्या, चष्मे, गोळ्यांच्या डब्या अशी रास होती. आता तो बूट परत घालणं म्हणजे अविश्वास, असं भाऊंनी बजावलं.

घरी आईनं मुलीला पलंगावर सरळ निजवलं आणि डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावली. डावा पाय दीड बोट कमी. कालही तेवढाच होता. बायबल चार वेळा आरपार वाचलेल्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, विश्वासानं मोज.” तिनं विश्वासानं मोजलं. टेप जात्याच नास्तिक निघाली.

बुधवारपर्यंत मुलगी एका अंगाला झुकून चालू लागली. शुक्रवारी कंबर धरून बसली. वाढत्या वयात बुटाशिवाय राहिली तर पाठीचा कणा वाकेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं आईच्या डोक्यात घण घालत होतं. वेणी घालून घेताना मुलगी हळूच म्हणाली, “आई, मी शंका घेतली म्हणून पाय परत गेला, असं आजी म्हणते. पण मी नाही गं घेतली. आणि भाऊंनी पाय ओढलाच नव्हता. बूट ओढला.”

आईचा हात वेणीतच थांबला. मग तिनं लेकीच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि वेणी पुरी केली.

रविवारी भाऊंनी आईला, लेक बरी झाल्याची साक्ष द्यायला बोलावलं. ती टेप घेऊनच मंचावर चढली. साक्ष पक्की व्हावी म्हणून आधी मोजते, म्हणाली. भाऊ गोड हसले. “ताई, प्रभूची परीक्षा पाहू नये.”

“प्रभूची नाही पाहत, भाऊ. तुमची पाहते. कुष्ठरोग्याला बरं केल्यावर प्रभूनंच त्याला सांगितलं ना, जा, याजकाला अंग दाखव? प्रभूला तपासणीचं भय नव्हतं.”

“मार्क, पहिला अध्याय,” तिसऱ्या रांगेतून सासूबाई सवयीनं बोलून गेल्या, आणि सभागृह हसलं.

“आई, वर या. बसा,” सून त्यांना म्हणाली.

सासूबाईंचे पाय साठ वर्षं एकमेकांच्या बरोबरीनं चाललेले. सुनेनं त्यांना भाऊंच्याच पांढऱ्या बुटांचा एक जोड घातला, एक टाच बोटभर ओढली, आणि दुसरा पाय आखूड दिसू लागला. मग त्या पायाचाही बूट हळूच ओढत हुकूम सोडला: पाया, वाढ. तो वाढला. डावा झाला, उजवा झाला. तिसऱ्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, “पुरे गं. आता दारातून वाकून जावं लागेल मला.”

सुनेनं एक बूट काढून उलटा केला आणि तळाचा आकडा दाखवला. बूट सासूबाईंच्या पायाला एक माप मोठे होते. बूट पुढे सरकला की टाच मागं रिकामी राहते, आणि बघणाऱ्याला पाय लांबल्यासारखा वाटतो.

भाऊ म्हणाले, सैतानही चमत्कार करतो. सासूबाई दुसराही बूट काढून उठल्या. आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. “प्रभूच्या शिष्यानं, पेत्रानं, लंगड्याला खुर्चीत बसवलं नव्हतं. हात धरून उभं केलं आणि तो उड्या मारत चालला. माझ्या नातीला चालवून दाखवा, भाऊ.”

मुलगी मंचावर येऊन चार पावलं चालली. प्रत्येक पावलाला ती एका बाजूला खचत होती. भाऊंनी घाईनं गाणं सुरू करायला सांगितलं. वाद्यवाले आपापल्या पायांकडे बघत राहिले.

सासूबाईंनी टेबलावरून जाड बूट उचलला, जमिनीवर बसल्या आणि नातीच्या पायात घालून नाडी बांधली. “तुझं काही चुकलं नव्हतं, बाळा. माझं चुकलं.”

दुसऱ्या रांगेतले एक आजोबा बिचकत पुढे आले. त्यांच्या डायबेटिसच्या गोळ्या त्या राशीत होत्या. त्यांच्यामागं चष्मा शोधणारी एक बाई आली, मग काठीवाला. बघता बघता टेबलापुढे रांग लागली.

“गोळ्या किती दिवस बंद आहेत, ते उद्या सकाळी डॉक्टरांना खरं सांगा,” मुलीची आई आजोबांना म्हणाली. “प्रार्थनाही करा. पण प्रार्थनेला डोळे मिटायचे असतात, आजोबा, डोकं नाही.”