सोळा कप्प्यांची पेटी

सन एकोणीसशे सदतीस, ऑक्टोबर महिना, शरद ऋतू. त्या महिन्यात अकोल्याच्या गोवर्धन सुताराने सागवानी फळ्यांवर रंधा फिरवून मला घडवले. मी बियाण्याची पेटी आहे. माझ्या पोटात सोळा कप्पे असून प्रत्येकाला आतून जस्ताचा पत्रा लावलेला आहे. कप्प्यांवर एक ते सोळा हे आकडे कोरलेले आहेत.

"दागिने ठेवाचे हायेत का जी हिच्यात?" गोवर्धनने विचारले.

"त्याहून जपायची वस्तू आहे," असे सांगून भगवंतराव मला घेऊन गेले.

भगवंतराव एका लहानशा कृषिसंशोधन केंद्रात काम करीत. त्या वर्षांत कपाशीवर मर रोग फार पडे. बोंडे धरलेली हिरवी झाडे आठ दिवसांत माना टाकीत आणि वाळून जात. चांदूर रेल्वेजवळ मनकर्णाबाईंच्या शेतात असा एक पट्टाच्या पट्टा मेला. त्यात सोळा झाडे तेवढी ताठ उभी राहिली. त्यांच्या अंगी रोगाला तोंड देण्याची शक्ती होती, की ती केवळ दैवाने वाचली? याचे उत्तर अकोल्यात मिळण्याजोगे नव्हते. कारण रोगाचा जोर मातीच्या उष्णतेवर अवलंबून असतो आणि ती येथे रोज बदलते.

हॉलंडमध्ये डॉक्टर हेन्ड्रिक नावाचे एक संशोधक होते. त्यांच्या काचघरात मातीची उष्णता वर्षभर एकसारखी ठेवण्याची सोय होती. भगवंतराव दोन वर्षे त्यांना पत्रे लिहीत होते. केंद्रातले उत्तमराव त्यांची थट्टा करीत. "काय भगवंतराव, युरोपातल्या सोयऱ्यांचं पत्र आलं का? लग्न कधी काढताय?" भगवंतराव हसून सोडून देत. अखेर होकार आला. एकाच झाडाचे बी एकाच क्रमांकाने दोन्ही देशांत पेरायचे, आणि जे फसेल तेही एकमेकांना मोकळेपणाने कळवायचे, असे ठरले. काचघरातली जागा मात्र त्याच हंगामात बी पोहोचले तरच मिळणार होती.

भगवंतरावांनी सोळा झाडांना क्रमांकाचे पत्र्याचे बिल्ले बांधले. एकेका झाडाचा कापूस वेगळा वेचावा, असे ते मनकर्णाबाईंना बजावून आले. पण कशासाठी, ते सांगायचे राहून गेले. वेचणीच्या सुमारास ते हिवतापाने अंथरुणाला खिळले. चार दिवस उशिराने मला काखोटीला मारून ते शेतावर पोहोचले, तेव्हा सारा कापूस एका गाठोड्यात होता.

"हे काय केलंत, मनकर्णाबाई?"

"कावून जी? सीतादही केली. पयल्या वेचणीचा कापूस येका पदरात घ्या लागते, देवीपुढं येकच ढीग ठेवा लागते. लेकरं येगयेगळी बसवून कोणी पूजा करते का?" मग त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. "तुमचे बिल्ले पाहा, राखेनं घासून ठेवले. सोळाच्या सोळा. येकही हारपू देला नाई."

लखलखीत बिल्ले हातात घेऊन भगवंतराव बराच वेळ शेताच्या बांधावर बसून राहिले. ती माउली त्यांच्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहत होती. त्यांना रागावता आले नाही.

सरकी वेगळी केल्यावर सहा झाडांचे बी तिच्या रंगावरून आणि लवीवरून त्यांना ओळखता आले. उरलेल्या दहांचे ओळखता येईना. मुंबईहून बोट सुटायला नऊ दिवस होते. खरे लिहावे, तर काचघरातली जागा जाणार आणि दोन वर्षांचा पत्रव्यवहार वाया जाणार. भगवंतरावांनी माझे दहा कप्पे अंदाजाने भरले, आणि अकोल्यात पेरायच्या पुड्याही तशाच बांधल्या. प्रत्येक कप्पा भरताना ते क्षणभर थांबत. पण एकही त्यांनी रिकामा ठेवला नाही. मी बोलू शकले असते, तर त्यांचा हात धरला असता.

हॉलंडमध्ये डॉक्टर हेन्ड्रिकांनी मला हात धुऊन, कोरडे करून उघडले. ते उंच, वाकलेले, अबोल गृहस्थ होते. मला उघडताना आपले बोलणे ते मध्येच थांबवीत. दोन वर्षे ते पेरीत राहिले आणि दोन वर्षे आकडे जुळले नाहीत. सात क्रमांक त्यांच्याकडे तगला, तो अकोल्यात मेला. अकोल्यात तगलेला अकरा त्यांच्याकडे कोमेजला. अकोल्याच्या पत्रावर त्यांनी कधी संशय घेतला नाही. मातीच्या टाक्या त्यांनी दोनदा रिकाम्या करून भरल्या. जवळच्या लोकांना ती हट्टी माणसाची वेळ काढण्याची रीत वाटू लागली. शेवटी त्यांचा एक निबंध छापण्यास नाकारला गेला. त्यांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत, असे कारण देण्यात आले.

त्या दिवशी ते आपल्या सहायिकेला म्हणाले, "कप्पे उघडताना माझ्याच हातून कुठेतरी सरमिसळ झाली असणार. तो माणूस इतक्या दुरून विश्वासाने पाठवतो, आणि मी त्याची मेहनत नासवली."

पुढे युद्ध आले. टपाल थांबले, काचघराला कोळसा मिळेना, झाडे गारठून मेली. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्या शहरात अन्नाचे हाल झाले आणि डॉक्टर हेन्ड्रिक त्यातच गेले. सहायिकेने मला कपाटात जपले.

एकोणीसशे सेहेचाळीसच्या पावसाळ्यात मी अकोल्याला परत आले. भगवंतरावांचे केस पांढरे झाले होते. माझ्या सातव्या कप्प्यात थोडे बी होते आणि त्यावर डॉक्टरांनी अखेरच्या आजारात लिहिलेली चिठ्ठी होती. तिच्यात त्यांनी भगवंतरावांची क्षमा मागितली होती.

ती चिठ्ठी भगवंतरावांनी उभ्यानेच वाचली. मग खणातून एक पाकीट काढून माझ्यावर ठेवले. त्यात त्यांचा कबुलीजबाब होता. तो त्यांनी एकोणीसशे चाळीसच्या मे महिन्यात लिहिला होता. टपाल बंद असल्याचा शिक्का घेऊन ते पाकीट न उघडता परत आले होते. लिहायला त्यांनी अडीच वर्षे लावली, आणि तेवढ्यात वाट बंद झाली.

सातव्या कप्प्यातले बी त्यांनी कुंडीत पेरले. एकही उगवले नाही.

मग मला घेऊन ते चांदूरला गेले आणि मनकर्णाबाईंना सगळे सांगितले. त्या आता काठी टेकून चालत होत्या.

"मायावर लोटाचं व्हतं ना, सायेब," त्या म्हणाल्या. "त्या सायबाले लिवाचं, का बुढीनं घोटाळा केला. मले काय, मी आयकून घेतलं असतं."

"घोटाळा तुमचा नव्हता, मनकर्णाबाई. बिल्ले तुम्ही लगेच माझ्या हातात दिले होते. लपवले मी."

त्यांनी दोन्ही हात काठीवर टेकले. "त्याच्या घरी कोणी हाये का? त्याईले त सांगा."

"सहायिकेला लिहिलं आहे. आता सर्वांसमक्ष सांगायचं राहिलं."

देशोदेशींचे विद्वान एकमेकांना बी, माती आणि आकडे पाठवतात, तेव्हा ते माझ्यासारख्या मुक्या लाकडावर भरवसा टाकतात. माझी त्यांना एवढीच हात जोडून विनंती आहे: ज्या कप्प्याची खात्री नसेल, तो रिकामा पाठवा. रिकाम्या कप्प्याने हंगाम बुडेल. खोट्या कप्प्याने मात्र मी एक सज्जन माणूस स्वतःलाच दोष देत खंगताना पाहिला आहे.

चौदा डिसेंबर एकोणीसशे सेहेचाळीस, शनिवार. अकोल्याच्या सभागृहात कापूस संशोधकांची सभा भरली होती. मला समोरच्या टेबलावर ठेवून भगवंतरावांनी आपले निवेदन वाचले. त्यात मनकर्णाबाईंचे नाव नव्हते. हिवतापाची सबबही नव्हती. दहा कप्पे आपण अंदाजाने भरले, आणि डॉक्टर हेन्ड्रिकांच्या नोंदी पहिल्यापासून अखेरपर्यंत अचूक होत्या, एवढेच त्यात होते.

उत्तमराव मान खाली घालून बसले होते. अध्यक्षांनी जरा अडखळत विचारले, "हे इतिवृत्तात घ्यायचं का? तुमच्या नावानिशी?"

"नावानिशी घ्या," भगवंतराव म्हणाले, "आणि एक प्रत हॉलंडला पाठवा."

लेखनिकाने दौतीत टाक बुडवला आणि लिहायला घेतले.