सावलीत पांढरी होणारी काच

नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही, तेव्हा सरळच सांगते. साहेबरावांनी तो चष्मा घेतला त्या दिवशी दुकानापासून घरापर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

साहेबराव भोसरीच्या एका कारखान्यात वेल्डर. ठिणग्यांनी डोळ्यांची पार वाट लावली होती. नंबर होताच, त्यात उन्हात पाऊल टाकलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाहेर पडताना डोळ्यांवर काळी काच हवीच, नाहीतर आणखी बिघडतील.

पिंपरीच्या दुकानदाराने आमच्यापुढे दोन चष्मे ठेवले. एक नंबरचा गॉगल, सरळ काळा. आत गेलं की तो काढायचा आणि साधा चष्मा लावायचा. दुसरा नुकताच निघालेला. त्याची काच उन्हात आपोआप काळी होते आणि आत आलं की पांढरी. दुकानदाराने तो दाराबाहेर उन्हात धरला, मग आत आणून टेबलावर ठेवला आणि आमच्या तोंडाकडे बघत बसला. काच हळूहळू निवळत गेली. मला गॉगल पसंत होता. गडद, साधा, त्यात काही भानगड नाही. साहेबराव मात्र दुसऱ्याला हात लावून बसले.

मला वाटलं, हौस असेल. माणूस राबतो, एखादी हौस करावी. पण सहज विचारलं तर म्हणाले, "गावाला जावं लागतं ना. तिथं काळा चष्मा लावून चावडीपुढनं गेलेलं चालत न्हाई आपल्याला. ह्यो सावलीत पांढरा व्हतो. कुनाच्या डोळ्यात यायचा न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी देहूरोडची. वडील लष्कराच्या डेपोत कामाला होते, आमच्या चाळीत कुणी कुणाला घाबरून चष्मा घेत नव्हतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वीस वर्षं उलटून गेली, आणि हा माणूस स्वतःच्या डोळ्यांचं औषध गावाला काय वाटेल ते बघून निवडत होता. कारखान्यात काळी काच तोंडापुढे धरली नाही तर साहेब ओरडतात. गावात धरली तर पाटील ओरडतात. डोळे कुणाचे, ते कुणीच विचारत नाही. पण दुकानदारापुढे तमाशा नको म्हणून मी आधी बाहेर पडले आणि चष्मा घरी आला.

चैत्रात सासूबाईंची तब्येत बिघडल्याचा निरोप आला. आम्ही राजगुरुनगरला एसटीतून उतरलो आणि पुढे चालत निघालो. टळटळीत ऊन. काच अशी काळी झाली की साहेबरावांचे डोळे मलाही दिसेनात. पण पाणी येत नव्हतं आणि ते न अडखळता चालत होते, हेही खरं. चावडी जवळ आली तशी त्यांची पावलं आखडली. चावडीच्या पायरीवर, लिंबाखाली, धोंडीबा पाटील दोघातिघांबरोबर बसले होते. पाटीलकी कायद्याने जाऊन जमाना झाला होता, पण मिशीतून गेली नव्हती.

"कोन रं त्यो?" धोंडीबा म्हणाले. "गिरजाचा पोरगा का? गॉगल लावून निघालास व्हय आमच्यापुढनं?"

"नंबरचा हाय, पाटील," साहेबराव म्हणाले. "डोळ्याला तरास हाय. सावलीत आला की आपसूक पांढरा व्हतो."

"व्हतो? मग ये सावलीत. बघू दे."

आणि साहेबराव गेले. लिंबाखाली जाऊन उभे राहिले, मान खाली घालून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे. कारखान्याच्या शेडमध्ये पोरं ज्यांना उस्ताद म्हणतात तो माणूस आपल्या चष्म्याने रंग सोडावा म्हणून वाट बघत होता. मी पिशव्या धरून उन्हात. धोंडीबांनी चंची सोडली, पान लावलं, खाल्लं.

"अजून काळाच हाय की," शेजारचा हसून म्हणाला.

दुकानात जे झालं ते इथे होईना. लिंबाच्या पानांतून उजेड गळत होता. काच थोडी निवळली आणि तिथेच थांबली. साहेबराव चष्मा पुसायला लागले. पुसून पुन्हा लावला. परत काढून पुसायला घेतला तेव्हा मला राहवलं नाही.

"झाडाखाली नाही व्हायची ती पांढरी," मी म्हणाले. "तिला छप्पर लागतं. तुम्हाला पांढरीच बघायची असेल तर यांना चावडीत घ्या."

पान चघळणारी तोंडं थांबली. आमच्या माणसांनी पायरीखालून बोलायचं, आत साहेब लोकांसाठी टाकलेल्या बाकाकडे बघायचंही नाही, हे सांगायला त्या गावात पाटी लागत नव्हती.

"पोरी, लई बोलतीस," धोंडीबा म्हणाले. मग साहेबरावांकडे वळले. "काढ तो चष्मा अन् जा आपल्या वाटंनं."

मला वाटलं, काढणार. आयुष्यभर हेच बघितलेला माणूस. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही, कारण काढला असता तर पुढे संसार कसा करायचा हे मला खरंच कळलं नसतं.

"काढला तर मला दिसत न्हाई," साहेबराव म्हणाले. आवाज फार मोठा नव्हता. "पांढरा करून दावतो. तुमीच म्हनलासा ना."

ते पायऱ्या चढले. धोंडीबांच्या धोतराला पाय लागू नये म्हणून जरा बाजूने, पण चढले. आतल्या अंधारात जाऊन बाकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. कुणीतरी "आरं आरं" म्हणालं, पण उठलं कुणी नाही. मी दारातून बघत होते. काच तपकिरी झाली, मग फिकट, आणि मग साहेबरावांचे डोळे दिसायला लागले. लाल झाले होते. ते धोंडीबांकडे बघत होते आणि नजर खाली जात नव्हती.

"झाला न्हवं पांढरा?" धोंडीबा पाठमोरेच म्हणाले. "ऊठ आता."

"बसतो जरा," साहेबराव म्हणाले. "भाईर ऊन लई हाय. कुसुम, तू कशाला उभी? ये आत."

मी पिशव्या उचलल्या आणि आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले.