पंख्याच्या आवाजामागे

प्रणितने गाणं लावायला फोन काढला तशी लियोरा म्हणाली, "गाणं नको."

"मग काय लावू?"

"कुणीतरी बोलत असेल असं काहीही."

उरण नाक्याच्या मागच्या गल्लीत, वडिलांच्या इमारतीच्या तळमजल्यावर प्रणितचा स्टुडिओ होता. हळदीची गाणी, वाढदिवसाची गाणी, निवडणुकीची गाणी, सगळं तिथे रेकॉर्ड व्हायचं. नवं सामान आलं की जुनं तो विकायला काढायचा. स्पीकर घ्यायला येऊन गाणं नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या आईकडे.

"तिचे वडील गेले ना," सॅलीबाई म्हणाल्या. "आम्ही बेने इस्रायल. आमच्यात आईबाप गेले की मुलं वर्षभर गाणंबजावणं ऐकत नाहीत."

"आणि तुम्ही?"

"नवऱ्यासाठी महिनाच. माझा केव्हाच झाला." त्या लेकीकडे वळल्या. "म्हणून म्हणते, गाणं मी ऐकते. कान आहेत मला. तू जरा बाहेर थांब."

आई सकाळपासून तिला काही ना काही करून यातून बाहेर काढायला बघत होती. आधी म्हणाली, मी एकटीच जाऊन घेऊन येते. मग म्हणाली, कशाला स्टुडिओतले, टीव्हीखाली ठेवायची ती लांब पट्टी मिळते, तीच आणू. स्पीकरमध्ये आईला एवढा रस कधीपासून, हे लियोराला कळत नव्हतं. ती हलली नाही.

आईला तिने सांगितलं होतं की टीव्हीचा आवाज बसका आहे, तुला सिनेमातलं बोलणं कळत नाही, म्हणून स्पीकर घेऊ. ते खरंही होतं. पण ती आली होती एका व्हिडिओसाठी.

पुण्याच्या कॉलेजात तिची नोकरी कायम झाली तेव्हा आईने घरी मलिदा केला होता. एलियाहू नबीच्या नावाने गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट, आणि पुढे पप्पा, एझरा, डोक्यावर पांढरी टोपी घालून आशीर्वादाची हिब्रू प्रार्थना म्हणताना. आईने फोन फळांच्या ताटाला टेकवून ते चित्रित केलं आणि लेकीला पाठवलं. त्यानंतर चारपाच महिन्यांत पप्पा गेले. हृदय बंद पडलं, असं सगळ्यांना सांगितलं गेलं, आणि पडलंही असेल. पण त्या व्हिडिओत पप्पा प्रत्येक ओळीआधी थांबत होते. उभा जन्म ज्यांनी ती प्रार्थना एका दमात म्हटली, ते थांबत होते, आणि थांबले की पंख्याच्या घरघरीखाली काहीतरी सळसळत होतं.

"दम लागायचा त्यांना," आई म्हणाली होती. तिने हे फार लगेच म्हटलं होतं.

टीव्हीवर ती सळसळ ऐकूच येत नव्हती. इअरफोन लावला की पंखा कानातच फिरायचा, आणि खाली जे होतं ते खरंच आहे की आपणच मनाने घालतोय, याची खात्री पटत नसे. शिवाय इअरफोनमधलं एकट्याचंच असतं. लियोराला ते अशा ठिकाणी ऐकायचं होतं जिथे आईही ते त्याच वेळी ऐकेल आणि तिला नाही म्हणता येणार नाही.

"मॅडम, हे घ्या," प्रणित दोन जोड्यांतल्या मोठीवर हात ठेवून म्हणाला. "आठ इंची. ॲम्प्लिफायर आतच, वेगळं काही घ्यायला नको. दोन प्लग, दोन वायरी, विषय संपला. पिक्चर लावला ना, हेलिकॉप्टर हॉलमध्ये उतरतं."

"हळदीला किती वाजलेत हे?"

"छे. हे स्टुडिओचेच. हळदीला डीजेचे असतात."

लियोरा स्पीकरच्या मागे वाकली. एका स्क्रूचं डोकं घासलेलं होतं. "हा उघडलाय."

"साफ करायला."

"साफ करायला स्पीकर आतून कोण उघडतं?"

कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत प्रणितचे वडील कमळाकर बसले होते. ते हसले. "म्याडम, पोरीला जावाय बघावा तसं बगताव तुमी. आमी काय चोर हाव काय?"

"तसं नाही, काका. जुनं घ्यायचं म्हणजे विचारावं लागतं."

"इचारा, इचारा. आमच्या पोराला कोनी काय इचारतच नाय. त्यामुलं त्याला वाटतं आपून लय हुशार."

"बाबा, तुम्ही गप्प बसा ना जरा," प्रणित म्हणाला.

तिने काहीही न लावता दोन्ही जोड्या चालू करायला सांगितल्या आणि एकेकाला कान लावला. मोठ्या जोडीतल्या उजव्यात बारीक गुणगुण होती. दुसरी जोडी लहान होती, पाच इंची, रंग उडालेली. तिच्यात फक्त श्वासाएवढी सूं होती, दोन्हीकडे सारखी.

"हे छोटे कशाला?" प्रणित म्हणाला. "ह्यांना बेस नाही. कोरडे आहेत. मिक्सिंगला बरे, घरात मजा नाही. ह्यांच्यावर चांगला गायकसुद्धा उघडा पडतो."

"लावा बातम्या."

मोठ्या जोडीवर बातम्या देणारी बाई विहिरीतून बोलल्यासारखी, भरदार वाटली. सॅलीबाईंनी लगेच मान हलवली. "छान आहे की. हेच घेऊ." लहान जोडीवर तीच बाई समोर येऊन बसली. तिने ओठ उघडल्याचा, आवंढा गिळल्याचा आवाज आला.

"किती चिरका," सॅलीबाई म्हणाल्या. "नको हे. कानाला लागतं."

"चिरका नाही, आई. स्वच्छ आहे."

"मला नको एवढं स्वच्छ. सिनेमा बघायचाय मला, तिच्या घशात जायचं नाहीये."

कमळाकर पुन्हा हसले. लियोरा हसली नाही. तिने पर्समधून स्वतः आणलेली वायर काढली.

"आता माझं एक लावते. थेट जोडा, मध्ये तुमचा मिक्सर नको."

"अहो, मिक्सरने आवाज जरा सुधारतो."

"म्हणूनच नको."

प्रणितने खांदे उडवले आणि वायर जोडली. फोनच्या पडद्यावर फळांचं ताट दिसताच सॅलीबाई खुर्चीच्या कडेला आल्या.

"हे कशाला इथे?"

"बोलण्याचं काहीतरी लावायला हवंच ना. मला गाणं चालत नाही."

"हेही गाणंच. चालीवर म्हणतात ते. तुला चालायचं नाही."

"प्रार्थना आहे. रोज सकाळी लोक म्हणतात. प्रार्थनेला कुणी मना केलंय?"

"परक्यांच्या दुकानात प्रार्थना लावतात का? टोपी नाही कुणाच्या डोक्यावर."

"त्यांनी घातलीय," लियोरा पडद्याकडे बघत म्हणाली. "आई, तुला काय होतंय नक्की?"

"मला काय व्हायचंय," सॅलीबाई म्हणाल्या आणि मागे सरून बसल्या. "लाव. तुला लावायचंच आहे ना, लाव."

तिने लावला. लहान जोडीतून आधी घर आलं. वरती मधोमध पंखा फिरू लागला, खाली रस्त्यावर रिक्षा गेली. मग पप्पा खाकरले, डावीकडे, हाताच्या अंतरावर, आणि लियोराने टेबलाची कड धरली. टीव्हीवर पंखा आणि पप्पा एकाच गाठोड्यात बांधलेले असायचे. इथे पंखा आपल्या जागी होता आणि पप्पा त्यांच्या.

ते थांबले. उजवीकडून, अगदी फोनजवळून, आईचा आवाज आला. कुजबुज, पण शब्द न् शब्द वेगळा. हिब्रूतली पहिली ओळ. मग डावीकडून पप्पांनी ती ओळ म्हटली, खणखणीत, जशी नेहमी म्हणत. पुन्हा थांबणं. पुन्हा उजवीकडून आई. पुन्हा पप्पा.

लियोराने आईकडे बघितलं नाही. दम लागलेला माणूस असा म्हणत नाही, एवढं तिला कळलं. विसरलेला माणूस म्हणतो. आईने त्यांना एकेक घास भरवावा तशी प्रार्थना भरवली होती, आणि व्हिडिओत फक्त भरलेलं तोंड दिसत होतं. आणि पाठ तरी कधी केली तिने? घरात ती फक्त आमेन म्हणायची.

प्रार्थनेत एक जागा अशी येते जिथे ज्याच्यासाठी आशीर्वाद मागायचा त्याचं नाव घेतात. पप्पा तिथे आले आणि थांबले.

"लियोरा," उजवीकडून आई.

पंखा फिरत राहिला.

"कोण?" पप्पांनी विचारलं. हळू, मराठीत, दार उघडून अनोळखी माणसाला विचारावं तसं.

"आपली मुलगी," आई कुजबुजली. "लियोरा."

"लियोरा," पप्पा मोठ्याने म्हणाले, आणि पुढे वाट बघत बसले.

व्हिडिओ संपला. लहान जोडीतली बारीक सूं तेवढी उरली. प्रणित वायर गुंडाळायला पुढे झाला आणि तिला हात न लावताच मागे सरला. पहिले बोलले ते कमळाकर.

"तुमच्यात बाई पुढं म्हनते आनि पुरुस मागून, असं हाय काय? आमच्यात लग्नात धवलारीन असते, तशी. ती एक ओल सांगते, मंग बाकीच्या म्हनतान."

सॅलीबाईंनी पदर सारखा केला. "हो," त्या म्हणाल्या. "आमच्यातही तसंच."

त्यांच्यात तसं नव्हतं. लियोराने कुठल्याच घरात तसं पाहिलेलं नव्हतं. टोपीवाला म्हणतो, बायका शेवटी आमेन म्हणतात. इतके दिवस ती हेच पकडायला बसली होती, आईचं एखादं उघडं खोटं, साक्षीदारांसमोर. आता ते समोर होतं. आई तिच्याकडे बघत नव्हती, मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"हो, काका," लियोरा म्हणाली. "आमच्या घरी आईच सांगते."

कमळाकरांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. "परनित, चल, चा सांगून येव."

"फोन करतो ना, बाबा."

"फोनवर नको. तो पानी घालतो. चल."

ते दोघे गेले. जाड दार मागून आपोआप लागलं आणि बाहेरच्या रिक्षांचा आवाज एकदम तुटला.

"कधीपासून?" लियोराने विचारलं.

"आदल्या दिवाळीपासून. आधी चाव्या विसरायचे, मग वारांचा घोळ. बाजारातून घरी यायचे, पण रिक्षावाल्याला पत्ता मी चिठ्ठीवर लिहून दिलेला असायचा."

"आणि मी फोन करायचे तेव्हा?"

"मी शेजारी बसायचे."

लियोराला ते फोन आठवले. कशी आहेस बाळ, जेवलीस का, पुण्याला थंडी आहे का. नेहमी तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने. तिला वाटायचं पप्पांना फोनवर बोलणं जमत नाही.

"यायरला माहीत होतं?" तिने विचारलं. भाऊ तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला होता, आणि आई आपल्याआधी त्यालाच सगळं सांगते हा तिचा जुना संशय होता.

"कुणालाच नाही. तुझी शपथ. एकाला सांगितलं असतं तर तुम्ही दोघं आला असतात, डॉक्टर केले असतेत, आणि त्यांना कळलं असतं. त्यांना कळलेलं नव्हतं गं. प्रार्थना संपली की मला विचारायचे, नीट म्हटलं ना? मी म्हणायचे, एकदम नीट." सॅलीबाईंनी लहान जोडीकडे बोट दाखवलं. "तो 'कोण' मात्र तुझ्या कानावर जायला नको होता. टीव्हीवर तो ऐकू येत नाही, मी लावून बघितलं होतं. म्हणून मी ते मोठे घे म्हणत होते. त्यांच्यावरही नसता आला."

त्याची खातरजमा करायला हवी असं लियोराला वाटलं, सवयीने. तिने वायर काढून मोठ्या जोडीला लावली आणि व्हिडिओ सरकवत तिथे आणला. पंख्याची घरघर खोलीभर पसरली. पप्पा भरदार, गोल आवाजात म्हणत होते, आणि त्यांच्या थांबण्यात पंख्याखेरीज काही नव्हतं. आई बरोबर म्हणाली होती. इथे कुणी काही विचारत नव्हतं. तिचं नाव पप्पांना पाठ होतं.

ती थोडा वेळ ते ऐकत राहिली. मग तिने वायर काढली.

"छोटे घेऊ," ती म्हणाली.

"मग हा व्हिडिओ घरात लावायचा नाही."

"तू नसताना लावेन."

"मी कुठे जाते?"

लियोरा वायर बोटांना गुंडाळत राहिली. सॅलीबाई उठल्या, खुर्ची ओढून त्यांनी दोन लहान स्पीकरांच्या मधोमध, थोडी मागे, अशी ठेवली आणि तिच्यात नीट बसल्या.

"सुरुवातीपासून लाव," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी पुढची ओळ आठवत होते. त्यांचं ऐकलंच नाही."