बारीक अक्षरांची मोहीम

साहेबांनी आजवर हाती घेतलेल्या प्रत्येक कामाची वाट लावली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. वाट लावायलाही काम निम्म्यापर्यंत न्यावं लागतं. गिटार कपाटावर गेली होती, कॅमेरा कपाटात, आणि तिशी दारात येऊन उभी होती. 'साहेब' हे नाव आईनं ठेवलेलं. त्यात आदराचा मागमूसही नव्हता.

सध्या साहेब प्रोग्रामिंग शिकत होते. सुरुवातीचे धडे संपले होते, त्यामुळे आता जग सुधारायला घेणं ओघानंच आलं. आई शिवणाचे वर्ग घ्यायची आणि त्याचे धडे एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाइप करायची. हे सॉफ्टवेअर ठिकठिकाणची माणसं हौसेनं लिहितात. कुणीही सुधारणा पाठवावी, तपासणाऱ्यांना पटली तर ती घेतात. त्यात फाइल उघडली की अक्षरं मुंगीएवढी दिसत. आई पडद्याला नाक टेकवून वाचायची.

"हे मी दुरुस्त करतो," साहेब म्हणाले.

"कर," आई म्हणाली. "शिलाई मशीनचा पट्टाही तूच दुरुस्त करणार होतास. तो अजून वाट बघतोय."

साहेबांनी आधी सॉफ्टवेअरवाल्यांच्या चर्चेच्या पानावर जाहीर केलं की यातली सगळी मांडणीच मुळापासून बदलायला हवी. कुणीच उत्तर दिलं नाही. मंडळी भारावली असणार, असं साहेब धरून चालले. मग सगळा कोड उतरवून तो स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायचा खटाटोप सुरू झाला. लॅपटॉप असा तापला की त्यावर परकर इस्त्री करून निघाला असता. शेवटी अक्षरांचा आकार ठरतो ती जागा एकदाची सापडली. साहेबांनी तिथे एक ओळ घातली आणि बदल पाठवून दिला.

तपासणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. "एक ओळ बदलल्याचं तुम्ही लिहिलंय. मला हजारो दिसतायत."

साहेब ज्यात कोड लिहीत त्या एडिटरनं सेव्ह करता करता अख्ख्या फाइलमधल्या रिकाम्या जागा आपल्या आवडीनं सारख्या करून टाकल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक ओळ बदललेली दिसत होती. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. एरवी अशा वेळी वस्तू कपाटावर जायची. पण साहेब उठून आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, तर समोर आई पडद्याला नाक लावून बसलेली. साहेबांना मनापासून लाज वाटली. निदान हे एक तरी तडीस न्यायचं, असं ठरवून ते पुन्हा येऊन बसले.

दुसऱ्या खेपेला खरोखरच एक ओळ गेली. बाईंनी लिहिलं, "बदल बरोबर आहे, पण गरज नाही. सेटिंगमध्ये एक खूण केली की फाइल मोठ्या अक्षरातच उघडते. मदतीचं पान वाचलं नाहीत का?"

साहेबांनी ते वाचलं नव्हतं. मदतीची पानं ज्यांना मदत लागते त्यांच्यासाठी असतात, असा त्यांचा समज होता. बाईंनी खाली विचारलंही होतं, "तिथे हे नीट समजावलेलं नाही. तुम्ही लिहाल का?" मांडणी मुळापासून बदलणाऱ्याला मदतीचं पान!

पाय ओढत साहेब आईच्या खोलीत गेले. "आई, ते सगळं फुकट गेलं. नुसती एक खूण करायची होती."

"माहितीये," आई म्हणाली. "वर्गातल्या एका बाईंनी केव्हाच करून दिली."

"मग नाक टेकवून का बसायचीस?"

"तू दारात आलास की मीच अक्षरं बारीक करायचे." आई पडद्याकडेच बघत होती. "नाहीतर तू कामावरून उठला असतास."

साहेबांना आधी राग आला. मग काय आलं ते त्यांना सांगता आलं नसतं. आईच्या डोळ्यांच्या कडा लाल झालेल्या त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिल्या.

त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले.

"ती खूण कुठे करायची, दाखव. त्याचं पान लिहायचंय मला," ते म्हणाले. "आणि आता अक्षरं मोठीच राहू दे. मी उठत नाही."