घरचा वाफा

गोपीनाथने एक बूट काढला आणि पुन्हा पायात घातला. समोरच्या वाफ्यात त्याचा बाप राघो घोटाभर पाण्यात उभा राहून लाकडी फळीने मीठ ओढत होता. ओढता ओढता तोंडाचा पट्टा चालूच होता.

"काढ की रं ते बूट! का फौजेत पाय ठेवून आलास?"

मिठागरात पायताण घालून कुणी उतरत नाही. पावसाळा सरला की सारं घर मिळून वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करतं. बुटाच्या खिळ्यांनी ती फुटली की मिठात माती येते. कोपर गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं, आणि गोपीनाथने तर पाचव्या वर्षापासून वाफे तुडवले होते. पण पाण्याखाली ते पांढरंशुभ्र मीठ पसरलेलं, त्याच्याखालचं काही दिसत नव्हतं. वैशाखाचं ऊन भाजून काढत होतं, तरी हा गडी बांधावरून हलत नव्हता.

रजा संपत आली होती, परवा काश्मीरची गाडी. घरच्या वाफ्यात पाय पडत नसेल तर तिथे काय पडणार? म्हणून तर तो आज मुद्दाम आला होता.

त्याची बायको आवडा टोपली घेऊन बांधावर उभी होती. महिनाभर ती बघत होती, हा माणूस मळलेली वाट सोडून कुठे पाय टाकत नाही. ती खाली बसली आणि तिनेच त्याचे बूट उतरवले.

"मी पुढं व्हते. माज्या पावलांव पाय टाकत या."

ती उतरली. गोपीनाथने तिच्या पहिल्या पावलावर पाय ठेवला. खारं पाणी टाचेच्या भेगांना झोंबलं. दुसऱ्यावर ठेवला.

"वा रं शिपाया!" राघो हसला. "बायकोच्या आडून लढाई!"

आवडाने पुढचं पाऊल उचललं आणि गोपीनाथ ओरडला,

"थांब!"

त्याने तिचा दंड धरून मागे खेचलं. टोपली पाण्यात पडली.

"काय झाला?" आवडाने विचारलं.

"पंढरी असाच पुढं व्हता. बरफात. मी त्याच्या पावलांव पाय टाकत व्हतो, न् सुरुंग फुटला."

पंढरी त्याच्या पलटणीतला जोडीदार. तो गेल्याचं पत्रातून कळलं होतं, कसा गेला ते आजच.

"त्याच्यान तुमचा काय दोस?"

"त्या दिसाला पुढं चालाचा नंबर माजा व्हता." गोपीनाथने तिचा दंड अजून सोडला नव्हता. "पाय मुरगळलाय, असा मी बोललो. खोटाच बोललो. मना भ्या वाटला."

राघोची फळी थांबली.

आवडाने हळूच दंड सोडवून घेतला आणि ती गोपीनाथच्या मागे जाऊन उभी राहिली. आता पुढे एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. गोपीनाथने पाय उचलला, किती तरी वेळ तसाच धरला आणि मग खाली टेकवला.