चाकावरचा पट्टा

सराईवाल्याचा विश्वास फक्त स्वतःवर होता, आणि तोही जेवण झालं की जरा सैल पडायचा.

नव्या रस्त्यावर टपालगाडीचे घोडे बदलायचं ठाणं होणार होतं. वेशीपासून मोजणीच्या चाकाचे तीन हजार फेरे जिथे भरतील, त्याला जवळ पडणाऱ्या सराईला ते मिळणार. सराया दोनच. आधी त्याच्या साडूची, पुढे दोनशे पावलांवर त्याची. ज्याला ठाणं नाही, त्याच्या दारात गाडी थांबणार नाही. म्हणजे कुलूपच.

मोजणीदार आदल्या दिवशी मुक्कामाला आला. दांड्याला लावलेलं पाच हात घेराचं लाकडी चाक आणि वर पितळी तबकडी, एवढंच त्याचं यंत्र. एक फेरा झाला की काटा टक् करून एक घर पुढे जाई. सराईवाल्याने ते तबेल्यात बंद केलं आणि सगळी संध्याकाळ कुलूप ओढून बघण्यात घालवली. त्यामुळे मोजणीदार जेवताना काय बोलला ते फक्त बायकोने ऐकलं.

सकाळी गाडी जुंपताना चामड्याचा एक पट्टा सापडेना.

"चोरला," सराईवाला म्हणाला.

"कोण चोरणार?"

"तुझ्या बहिणीचा नवरा."

"पट्टा?"

"सुरुवात पट्ट्यापासूनच होते."

शेवटी पट्ट्याच्या जागी दोरी बांधून तो आणि मोजणीदार चाक घेऊन वेशीवर पोचले. तिथून मोजणीदार चाक ढकलत चालला आणि सराईवाला चाकाला खेटून. नऊशेव्या फेऱ्याला तो ओरडला, "थांबा! हे काय?"

चाकाच्या जमिनीला टेकणाऱ्या कडेवर सभोवार चिखलाने माखलेला चामड्याचा पट्टा चिकटवलेला होता. एक टोक सुटून लोंबत होतं.

"तुम्हाला दिसलं नाही?"

"मी तबकडी बघतो," मोजणीदार म्हणाला. "चाक बघायचा हुकूम नाही."

"साडूचं काम! माझ्याच तबेल्यात येऊन!" सराईवाल्याने चाकूने पट्टा खरवडून काढला, पुरावा म्हणून खांद्यावर टाकला आणि मोजणी पुन्हा वेशीपासून करायला लावली.

तीन हजारावा टक् साडूच्या पायरीशी वाजला.

"या, बसा," साडू म्हणाला. "दोनदा चाललात म्हणे."

घरी येऊन सराईवाल्याने पट्टा बायकोपुढे आपटला. "बघ, तुझ्या मेहुण्यांचे प्रताप!"

तिने पदराने चिखल पुसला. खाली नालाची खूण होती. चोरीच्या भीतीने त्याने ती घरातल्या सगळ्या चामड्यावर स्वतःच डागली होती, एका बैलाच्या गळपट्ट्यासकट.

"हा आपलाच," तो म्हणाला.

"आपलाच. पहाटे तुम्ही कुलूप धरून झोपला होता, किल्ली तुमच्या खिशातून घेतली. मागे दोरीने मोजलं तेव्हा तीन हजार फेऱ्यांचं अंतर ताईच्या दारात भरलं, असं मोजणीदार जेवताना म्हणाले होते. अर्ध्या बोटाच्या जाडीचा पट्टा लावला की दर फेऱ्याला चाक तीन बोटं जास्त पुढे जातं. तीन हजार फेऱ्यांत चाक आपल्या दारात आलं असतं."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सारखे चाकाकडेच बघत बसला असता."

"तसाही बघतच होतो!"

"तेच तर."

त्याने पट्टा उलटसुलट करून पाहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण हा बोटांचा हिशेब तुला शिकवला कुणी?"

बायको स्टुलावर चढून दारावरची सराईची पाटी काढत होती.