चूर्णातला फ्लोरीन

लोणी काळभोरला सोलापूर रस्त्याच्या कडेला सुखदेव महाराजांचा मठ होता आणि दर रविवारी तिथे सगळ्या पुण्याचे गुडघे जमत. गुडघ्यांबरोबर माणसंही येत, पण महाराज चौकशी करत ती गुडघ्यांचीच. "काय म्हणतोय डावा?" असं विचारून ते गुडघ्यावर हात ठेवत, डोळे मिटत आणि बाजूचा सेवक भक्ताच्या हातात चूर्णाची पुडी देई.

गर्दी सगळ्या थरांतली असे. आसपासचे शेतकरी असत, जमीन बिल्डरला दिल्यापासून मोठ्या गाडीतून उतरणारे माजी शेतकरी असत, पेठांतले निवृत्त कारकून असत. संगणक कंपन्यांतली मुलं आपापल्या आयांना घेऊन येत. त्यांच्या गळ्यात रविवारीही कंपनीचे ओळखपट्टे असत. महाराजांची वेबसाइट त्यांच्यातल्याच एकाने बनवून दिली होती. तिच्यावर महाराजांच्या डोक्यामागे तेजोवलय गरगर फिरे. इंटरनेट मंद असलं तर ते अर्ध्यावर अडकून बसे.

पण चूर्णाने गुण येई, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. काठी टेकत आलेली माणसं पुढच्या खेपेला काठी मठाच्या ओसरीत ठेवून चालत घरी जात.

"हे औषध नव्हे," महाराज सांगत. "औषध रोगाशी बोलतं, आमचं चूर्ण थेट पेशीशी बोलतं. हिमालयात एक वनस्पती आहे. तिला नाव नाही. नाव दिलं की तिची स्पंदनं घसरतात." मग आवाज खाली आणून, "आणि ध्यानात ठेवा. चूर्ण सोडलंत की श्रद्धा सुटली. श्रद्धा सुटली की देह कोसळतो."

हे शेवटचं तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चूर्ण मध्येच सोडलेली माणसं खरोखरच कोसळत. यापेक्षा मोठा पुरावा कुणाला हवा होता?

डॉ. सुदर्शन केळशीकरांनाही नको होता. ते पुण्यातल्या एका संस्थेत औषधी रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते, शनिवार पेठेत राहात आणि तोलूनमापून टोचून बोलत. एका विद्यार्थ्याच्या प्रबंधावर त्यांनी 'बांधणी सुबक' एवढाच शेरा मारला होता. त्यांचे गुडघे गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी शालनताई त्यांना बळेच लोणीला घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात सर जिना दणादण चढले. सर काही अंधश्रद्ध नव्हते. महाराजांवर त्यांचा विश्वास नव्हता, स्वतःच्या गुडघ्यांवर होता. गुण येतो म्हणजे चूर्णात नवा रेणू असला पाहिजे, असं अनुमान त्यांनी काढलं आणि तो शोधायचं काम आपल्या नव्या विद्यार्थिनीला दिलं.

ही अपेक्षा उमरे. यवतमाळहून डॉक्टरेट करायला आलेली, कर्वेनगरात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी.

"उमरे, या पुडीत एक रेणू आहे. तो वेगळा काढा, त्याची रचना ठरवा. हाच तुमचा प्रबंध."

"सर, वनस्पती कोणती?"

"अनामिक."

"मग प्रबंधात काय लिहू?"

"अनामिक असं लिहा. मराठी येतं ना?"

अपेक्षा दर रविवारी लोणीला जाऊन रांगेत उभी राहू लागली. रांगेत तिची मथुराबाईंशी ओळख झाली. मथुराबाई गावातल्याच, सत्तरीच्या. चूर्ण सुरू झाल्यापासून त्या पुन्हा शेतावर जायला लागल्या होत्या. "बाय, तुला तरण्या वयात गुडघ्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मला काही नाही झालं. मी या चूर्णाचा अभ्यास करते."

"देवाचा कसला अभ्यास? खायाचं आन गप बसायचं," मथुराबाई म्हणाल्या आणि आपल्या पदरातल्या शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या.

प्रयोगशाळेत अपेक्षा चूर्ण द्रावकात भिजवून गाळत असे. मग तो अर्क काचेच्या उभ्या नळीतल्या बारीक पांढऱ्या भुकटीतून सावकाश खाली सोडत असे, म्हणजे त्यातले पदार्थ एकेक करून वेगळे पडत. सुंठ सापडली, हळद सापडली, बराचसा मैदा सापडला. बरेच महिने यातच गेले. मग एकदा पांढरेशुभ्र स्फटिक हाती लागले. सर इतके खूश झाले की त्यांनी चहा मागवला आणि त्याचे पैसेही दिले. बातमी शालनताईंमार्फत मठात पोचली. महाराजांनी लगेच सोहळा जाहीर केला. फलकावर लिहिलं होतं, 'विज्ञानाने हात टेकले!' आणि खाली प्रमुख पाहुणे म्हणून केळशीकर सरांचा फोटो.

स्फटिकांची रचना ठरवायची मोजणी त्यानंतर हाती आली. अपेक्षा त्या आलेखाकडे बराच वेळ बघत बसली. रेणू स्टेरॉइडच्या घराण्यातला होता आणि त्यात फ्लोरीनचा अणू होता. झाडं फ्लोरीनच्या वाटेला सहसा जात नाहीत. क्वचित एखादं जातं ते साधं विष बनवायला. स्टेरॉइडच्या सांगाड्यावर नेमक्या जागी फ्लोरीन बसवणं हा कारखान्याचा उद्योग.

त्या रविवारी मथुराबाई रांगेत नव्हत्या. सून म्हणाली, "त्या हडपसरच्या दवाखान्यात हायेत. माहेरच्या लग्नाला गेल्या, चूर्ण न्यायचं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी चक्कर यून पडल्या. महाराज म्हणत्यात, श्रद्धा सुटली."

अपेक्षा तशीच दवाखान्यात गेली. मथुराबाईंना सलाइन लावलं होतं. डोळे उघडत नव्हते. डॉ. नम्रता नावाच्या तरुण डॉक्टर वैतागून म्हणाल्या, "या बाई कुठलं तरी स्टेरॉइड घेत होत्या आणि ते एकदम बंद झालंय. घरचे म्हणतात, औषधच नाही घेत. तुम्हाला काही माहीत आहे?"

अपेक्षाला माहीत होतं. तिने चूर्णात काय सापडलं ते त्यांना सांगितलं. मग ताडून पाहायला तिने बाहेरच्या औषधाच्या दुकानातून डेक्सामेथासोनच्या गोळ्या आणल्या. फ्लोरीन असलेलं हे स्टेरॉइड सूज आणि दुखणं झटक्यात दाबतं, म्हणून डॉक्टर ते जपून देतात. प्रयोगशाळेत तिने काचपट्टीवर एका बाजूला गोळीचा थेंब लावला, दुसऱ्या बाजूला चूर्णातल्या स्फटिकांचा, पट्टी द्रावकात उभी केली आणि द्रावक वर चढल्यावर ती सरांपुढे नेली. जंबुपार दिव्याखाली दोन काळे ठिपके दिसले. अगदी एका उंचीवर चढलेले, म्हणजे पदार्थ एकच.

"नळी नीट धुतली होती?" सरांनी विचारलं.

"धुतली होती."

"एखाद्या पुडीत चुकून पडलं असेल."

"दर रविवारच्या पुडीत आहे, सर. मी काय खोटं सांगून राहिली का?"

सरांनी आलेख उलटसुलट पाहिला. त्यात चूक सापडावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, हे तिला दिसत होतं. "स्पेक्ट्रम स्वच्छ आहे," ते शेवटी म्हणाले. "दुर्दैवाने. उमरे, हा रेणू मी जन्मायच्या आधीच सापडलाय. याच्यावर तुम्हाला डॉक्टरेट मिळणार नाही."

"माहीत आहे, सर."

"मग दोन आठवडे थांबायचं. सोहळा होऊन गेला असता."

"मथुराबाई दवाखान्यात आहेत."

 सरांनी खिशातली पुडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. अपेक्षाने वाकून ती पुन्हा बाहेर काढली.

"आज सोडू नका, सर. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. एकदम सोडलं तर दोन्हीकडून नाही. माणूस कोसळतो. महाराज 'श्रद्धा सुटली' म्हणतात ते हेच. डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं."

"शनिवार पेठेत सगळे म्हणतात, केळशीकर, तब्येत सुधारली."

"चेहरा सुजलाय, सर. स्टेरॉइडने तो सुजतो, रक्तातली साखरही वाढते. तपासलीत?"

सरांनी साखर तपासली. आकडा बघून शालनताई खुर्चीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

सोहळ्याच्या दिवशी मठाचं आवार फुलून गेलं होतं. महाराजांनी केळशीकरांच्या गळ्यात हार घातला आणि माइक हाती दिला. सरांनी हार काढून खुर्चीवर ठेवला.

"मी पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतो. हे चूर्ण मी न तपासता खाल्लं. एवढा मूर्खपणा माझ्या एकाही विद्यार्थ्याने केलेला नाही. आता उमरे बोलतील."

अपेक्षाने काचपट्टी आणि दिवा काढला. मंडपात कापडाचा आडोसा करून पुढच्या रांगेतल्या माणसांना तिने ते दोन ठिपके दाखवले आणि त्यांचा अर्थ सांगितला. महाराज हसत होते.

"मुली, ज्याने सूर्य केला त्याला एक फ्लोरीन जड आहे का? आमच्या वनस्पतीने तुमची गोळी आधीच ओळखून ठेवली होती. विज्ञान आज तिथे पोचलं."

थोड्या टाळ्याही पडल्या. तेवढ्यात मठाच्या मागच्या खोलीतून औषध निरीक्षक बाहेर आले. केळशीकरांनीच त्यांना कळवलं होतं. त्यांच्यामागून दोन हवालदार एक मोठा मिक्सर आणि त्याच गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांनी भरलेलं पोतं घेऊन आले. पोतं मंडपात उपडं केलं, तेव्हा महाराजांना पेशीशी बोलायला शब्द सुचेना.

गर्दीत आरडाओरडा सुरू झाला. कुणी पुड्या पायाखाली तुडवू लागलं. अपेक्षा माइकपाशी धावली.

"पुड्या फेकू नका. ऐका. आज रागाने चूर्ण सोडाल तर उद्या दवाखान्यात जाल. मथुराबाई तशाच गेल्या. त्या वाचल्या, कारण डॉक्टरांना वेळेत कळलं की त्यांच्या पोटात काय होतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉ. नम्रता इथे आल्या आहेत, त्या आधी तुम्हाला तपासतील."

गुडघ्याला पट्टा बांधलेला एक म्हातारा उभा राहिला. "पोरी, समदं पटलं. पर आता गुडघा दुखला तर?"

 इथे गोड बोलणं अपेक्षाला सोपं होतं.

"दुखेल, बाबा. काहींचा पुष्कळ दुखेल. त्याच्यावर उपाय आहेत, पण एका रात्रीत बरा करतो असं कुणी म्हणालं तर त्याला एकच विचारा, यात काय आहे? डॉक्टरला विचारा, महाराजाला विचारा, मलाही विचारा. जो सांगणार नाही, त्याच्या हातचं खाऊ नका."

 म्हाताऱ्याने खिशातून एक दुसरीच, हिरव्या कागदाची पुडी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"ही उरुळीच्या वैद्याची हाय," तो म्हणाला. "हिच्यात काय हाय?"